दोन पडदे आणि मधली शिवण

युनिक्स परंपरेतल्या संगणकाला आज दुसरा मॉनिटर जोडायचा तर केबल लावावी, एखादी आज्ञा द्यावी, की बहुधा काम होते. डावीकडे हस्तलिखिताची छायाप्रत आणि उजवीकडे आपली संहिता ठेवून पाठभेद नोंदवणाऱ्या अभ्यासकाला ही सोय टेबलावर दोन पोथ्या शेजारी उघडून ठेवण्याइतकी स्वाभाविक वाटते. ती तशी नव्हती. दोन मॉनिटर म्हणजे दोन पडदे, की एकच रुंद पडदा? हा प्रश्न सुटायला वीस वर्षे लागली, आणि तो जितका तंत्राचा होता तितकाच शब्दार्थाचाही होता.

१९८४ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत बॉब शायफ्लर आणि जिम गेटीस यांनी ‘एक्स’ ही विंडो प्रणाली सुरू केली. तिच्याआधी ‘डब्ल्यू’ नावाची प्रणाली होती. तिच्यापुढची म्हणून ‘एक्स’. नामकरणात कल्पनाशक्तीचा एवढा संकोच क्वचितच आढळेल. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि तिच्या नियमावलीतले शब्द जवळजवळ कायमचे ठरून गेले. एक कळफलक, एक माउस आणि एक किंवा अधिक स्क्रीन मिळून होतो तो ‘डिस्प्ले’. पहिल्या स्क्रीनचा पत्ता ‘:०.०’, दुसऱ्याचा ‘:०.१’. म्हणजे अनेक पडद्यांची तरतूद पहिल्यापासून होती. पण प्रत्येक स्क्रीनचे कूळ स्वतंत्र: त्याची स्वतःची मूळ विंडो आणि बाकीच्या साऱ्या विंडो तिच्या वंशातल्या. माउसचा बाण या पडद्यावरून त्या पडद्यावर खुशाल जाई. विंडो मात्र जन्मली त्याच पडद्यावर मरे. याला कारण होते. एक स्क्रीन कृष्णधवल आणि दुसरा रंगीत असू शकतो, हे नियमावलीने गृहीत धरले होते. अशा दोन विश्वांत एकच विंडो अर्धी-अर्धी राहणार कशी?

या व्यवस्थेला पुढे ‘झॅफॉड मोड’ म्हणू लागले. डग्लस अ‍ॅडम्सच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’मधला (१९७८ साली नभोनाट्य, १९७९ मध्ये कादंबरी) झॅफॉड बीबलब्रॉक्स हा दोन डोक्यांचा. धड एक, डोकी दोन. तंत्रज्ञांच्या परिभाषेत वाङ्मयाने इतके चपखल काम केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

हे विश्वांतर मोडायचा प्रयत्न डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने केला. त्यांच्या जोडणीचे नाव ‘पॅनोरामिक्स’. (फ्रेंच वाचकाला या नावाने अ‍ॅस्टेरिक्सच्या चित्रकथांतला जादूचा काढा करणारा म्हातारा आठवेल.) १९९८ मध्ये ती एक्सच्या अधिकृत आवृत्तीत आली आणि पुढे ‘झिनेरामा’ या नावाने रूढ झाली, २००० सालच्या ‘एक्सफ्री८६’च्या चौथ्या आवृत्तीतून ती लिनक्स वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचली. हे नाव ‘सिनेरामा’वरून घेतलेले. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवलेल्या त्या पद्धतीत तीन प्रक्षेपकांची चित्रे वक्राकार पडद्यावर शेजारी शेजारी पडत आणि प्रेक्षकाने ती एकच मानावीत अशी अपेक्षा असे. पण चित्रे जिथे जुळत तिथली शिवण दिसत राही.

उसन्या नावाबरोबर तो दोषही आला म्हणायचा. झिनेरामाने आज्ञावल्यांना सांगितले की तुमच्यापुढे एकच रुंद पडदा आहे. आज्ञावल्यांनी विश्वास ठेवला आणि ‘फाइल जतन करायची का?’ विचारणारी चौकट त्या पडद्याच्या अगदी मध्यावर उघडली. म्हणजे बरोबर दोन मॉनिटरांच्या फटीत, अर्धे वाक्य इकडे आणि अर्धे तिकडे. म्हणून मॉनिटर किती आणि प्रत्येकाच्या सीमा कुठे, हे आज्ञावलीला विचारता यावे अशी सोयही झिनेरामातच होती. जी शिवण लपवायची, तिचाच नकाशा द्यायचा. अनेक आज्ञावल्या तो मागायला शिकेपर्यंत बराच काळ गेला. शिवाय दोन्ही पडद्यांची रंगखोली सारखीच हवी, आणि मॉनिटर चालू कामात जोडायची वा काढायची सोय नव्हती. मांडणी आधी एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि बदलली की सगळे बंद करून पुन्हा सुरू करायचे.

गेटीस आणि कीथ पॅकार्ड यांनी २००१ मध्ये मांडलेली ‘रँडआर’ ही जोडणी मुळात पडद्याचा आकार बदलण्यासाठी आणि तो फिरवण्यासाठी होती. २००७ च्या तिच्या १.२ या आवृत्तीने प्रश्नच उलटा केला. पडदा एकच, स्मृतीतला एक मोठा पृष्ठभाग. प्रत्येक मॉनिटर त्याचा एक आयत दाखवतो. आयत शेजारी ठेवले तर जागा वाढते, एकमेकांवर ठेवले तर तेच चित्र दोनदा दिसते. ‘याच्या उजवीकडे तो’ एवढे सांगितले की चालू कामातच मांडणी बदलते. १९८७ मध्ये ‘स्क्रीन’ ही ढोबळमानाने समोर दिसणारी काच होती. वीस वर्षांनी शब्द तोच राहिला, पण त्याचा अर्थ कोणत्याही एका काचेत मावेनासा झाला. व्युत्पत्ती शिकवणाऱ्यांना असा अर्थविस्तार नवा नाही. नवे एवढेच, की इथे जुना अर्थ धरून बसलेल्या आज्ञावल्याही चालत ठेवायच्या होत्या.

त्यासाठी योजलेली युक्ती मला साऱ्या इतिहासात सर्वांत लोभस वाटते. जुनी आज्ञावली अजूनही झिनेरामालाच विचारते, की मॉनिटर किती आणि कुठे. त्यावर रँडआर झिनेरामाच्या नावाने उत्तर देते. आणि पत्त्यातला तो शेवटचा शून्य, एकेकाळी ज्याच्यापुढे एक येत असे, अजून तसाच लिहिला जातो.