हडी लेडबेटर : एका लोकगायकाचे चरित्र आणि त्याच्या साधनांची चिकित्सा

मौखिक परंपरेतील गायकाचे चरित्र लिहिणे हे काम वरवर सोपे, परंतु प्रत्यक्षात अवघड असते. राजे, मुत्सद्दी व ग्रंथकार यांचे कागद त्यांच्या स्वतःच्या दप्तरात सापडतात. लोकगायकाचे कागद मात्र बहुधा इतरांच्या दप्तरात असतात. खानेसुमारीचा कारकून, न्यायालय, तुरुंग, संग्राहक आणि वृत्तपत्र यांनी आपापल्या प्रयोजनाने जे लिहून ठेवले, त्यातून त्याचे आयुष्य जुळवावे लागते. ‘लेड बेली’ या नावाने प्रसिद्ध असलेले अमेरिकेतील निग्रो गायक हडी विल्यम लेडबेटर यांचे चरित्र या दृष्टीने बोधप्रद आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात विशेष रस वाटण्याचे कारण असे की, ज्या विद्वत्सभेने त्यांना प्रथम उत्तरेकडील सुशिक्षित जगापुढे आणले, ती भाषा-वाङ्मयाच्या प्राध्यापकांचीच सभा होती.

लेडबेटर यांचा जन्म लुइझियाना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात मूरिंग्जपोर्ट गावाजवळील एका मळ्यावर झाला. जन्मवर्षाविषयी मतभेद आहेत. 1900 सालच्या खानेसुमारीवरून 1888 हे वर्ष निघते. 1942 साली सैन्यनोंदणीच्या वेळी त्यांनी स्वतः 1889 सांगितले. जुन्या लेखनात 1885 हेही वर्ष आढळते. वडील वेस्ली हे शेतकरी होते. हडी लहान असतानाच कुटुंब सरहद्द ओलांडून टेक्सास राज्यात गेले. चुलत्यांनी दिलेल्या अकॉर्डियनवर त्यांचे वादन सुरू झाले व पुढे गिटार हाती आली. श्रीव्हपोर्ट शहरातील फॅनिन स्ट्रीटवरील गुत्त्यांत आणि नाचघरांत त्यांनी गायनाचा धंदा पाहिला. पुढे डॅलस येथे ब्लाइंड लेमन जेफरसन या अंध ब्लूज गायकाबरोबर ते हिंडून गात असत. बारा तारांची गिटार हे त्यांचे कायमचे वाद्य झाले.

या पार्श्वभूमीमुळे त्यांच्या संग्रहात केवळ ब्लूज नव्हते. शेतावरची श्रमगीते, गुराख्यांची गाणी, भक्तिगीते, मुलांच्या खेळांतील गाणी, आगगाडीची गाणी आणि शहरी रंगभूमीवरून खेड्यात उतरलेली जुनी भावगीते, असे सर्व प्रकार त्यांच्या गळ्यात होते. त्यांना निव्वळ ब्लूज गायक म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते.

त्यांच्या आयुष्याचा दुसरा धागा तुरुंगाचा आहे. 1915 साली पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून त्यांना साखळदंडाच्या सक्तमजुरीवर पाठविण्यात आले. तेथून ते निसटले आणि वॉल्टर बॉइड हे नाव धारण करून राहिले. 1918 साली एका नातेवाइकाच्या वधाबद्दल त्यांना सात ते पस्तीस वर्षांची शिक्षा झाली व टेक्सासमधील शुगर लँड येथील तुरुंगशेतावर त्यांची रवानगी झाली. राज्यपाल पॅट नेफ तेथे भेटीस आले असता त्यांनी सुटकेची विनवणी करणारे स्वरचित गीत गायिले, आणि जानेवारी 1925 मध्ये नेफ यांनी त्यांना माफी दिली. ही घटना खरी आहे. नेफ यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात अशा एका गाणाऱ्या कैद्याचा उल्लेख केला आहे. मात्र तेथे गायकाचे नाव नाही, आणि वाद्य बँजो म्हणून नोंदले आहे. शिवाय शिक्षेची किमान सात वर्षांची मुदत तोपर्यंत भरत आली होती, ही गोष्टही विसरता येत नाही.

1930 साली खुनाच्या प्रयत्नाबद्दल त्यांना पुन्हा शिक्षा झाली आणि ते लुइझियानातील अँगोला तुरुंगात आले. जुलै 1933 मध्ये लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स व त्यांचे पुत्र ॲलन हे लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रण करीत तेथे पोहोचले. पुढील वर्षी जुलैमध्ये ते अधिक चांगले यंत्र घेऊन परत आले. या वेळी लेडबेटर यांनी राज्यपाल ओ. के. ॲलन यांना उद्देशून रचलेले विनंतीगीत मुद्रित झाले आणि लोमॅक्स यांनी ती तबकडी राज्यपालांच्या कचेरीत पोहोचविली. 1 ऑगस्ट 1934 रोजी लेडबेटर सुटले.

येथेच आख्यायिकेचा उगम आहे. ‘गाण्याने दोनदा तुरुंगाचे दार उघडले’ ही कथा वृत्तपत्रांनी उचलली. 1935 साली ‘मार्च ऑफ टाइम’ या वार्तापटात लोमॅक्स व लेडबेटर यांनी स्वतःच ती अभिनीत केली. परंतु तुरुंगाच्या अधिकाऱ्याने पुढे लिहिलेल्या पत्रात गाण्याचा सुटकेशी काहीही संबंध नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे, आणि सद्वर्तनाबद्दल मिळणाऱ्या सवलतीमुळे ते मुदतपूर्व सुटकेस पात्र होते, असे तुरुंगाच्या नोंदींवरून दिसते. काही काळ लोमॅक्स व लेडबेटर या दोघांचाही त्या कथेवर प्रामाणिक विश्वास होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे ही लबाडी नव्हे. 1925 सालच्या खऱ्या घटनेच्या साच्यात 1934 सालची घटना ओतली गेली. लोककथेत एक प्रसंग दुसऱ्यासारखा घडविला जातो, ही प्रक्रिया आपल्या परिचयाची आहे. येथे ती वृत्तपत्रे व चित्रपट यांच्या साहाय्याने अवघ्या काही महिन्यांत पूर्ण झाली.

सुटकेनंतर लेडबेटर हे लोमॅक्स यांच्याकडे मोटारचालक व ध्वनिमुद्रणातील साहाय्यक म्हणून राहिले. डिसेंबर 1934 मध्ये फिलाडेल्फिया येथे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांचे गायन झाले. कार्यक्रमपत्रिकेत लोमॅक्स पितापुत्रांची नावे होती. गायकाचा उल्लेख मात्र ‘लुइझियानातील एक निग्रो गायक’ अशा आशयाचा, नावावाचून होता. भाषेच्या अभ्यासकांच्या सभेत बोलणाऱ्याचे नाव राहून जावे, हा प्रसंग आपण विसरू नये. पुढे विद्यापीठांचा दौरा झाला, आणि मार्च 1935 मध्ये मिळकतीच्या वाटणीवरून दोघांचे संबंध तुटले. 1936 साली प्रसिद्ध झालेल्या लोमॅक्स यांच्या ग्रंथाच्या मुखचित्रात लेडबेटर अनवाणी, कष्टकऱ्याच्या कपड्यांत दिसतात. रंगमंचावर स्वतःच्या पसंतीने ते सूट व बो टाय घालीत. त्या ग्रंथात त्यांचे आत्मकथन उच्चारानुसारी विकृत लेखनाने छापले आहे. ज्या उच्चारभेदांची नोंद प्रमाण भाषकाच्या बाबतीत कोणी करीत नाही, ते केवळ अशिक्षिताच्या बोलण्यात नोंदले, तर ते लेखन ध्वनिशास्त्रीय राहत नाही. ते सामाजिक दर्जा दाखविणारे होते.

याउलट ध्वनिमुद्रणे ऐकली असता वेगळेच चित्र दिसते. लेडबेटर गाण्याच्या कडव्यांमध्ये गद्य निवेदन घालीत. उत्तरेकडील श्रोत्यांना अपरिचित असे शब्द, कामाची रीत, हातोड्याच्या घावाबरोबर श्वास कोठे सुटतो, हे ते समजावून देत. हे माहिती पुरविणाऱ्या निवेदकाचे काम नसून भाष्यकाराचे आहे. त्यांची भाषादृष्टी किती सजग होती याचे उदाहरण म्हणजे ‘बुर्झ्वा ब्लूज’ हे गीत. 1937 साली वॉशिंग्टन येथे गोऱ्या मित्रांसमवेत आले असता वर्णभेदामुळे त्यांना राहण्यास जागा मिळेना. मित्रांच्या तोंडचा हा परका शब्द त्यांनी उचलला आणि राजधानीवरील टीकेच्या गीताचा कणा केला.

कर्तृत्वाचा प्रश्न ‘गुडनाइट, आयरीन’ या गीतात अधिक टोकदार होतो. हे गीत आपण चुलत्याकडून शिकलो, असे लेडबेटर सांगत. त्याचे मूळ निग्रो गीतकार गसी डेव्हिस यांनी 1886 साली प्रसिद्ध केलेल्या गीतात आहे, असे संशोधकांनी दाखविले आहे. मुद्रित गीत मौखिक परंपरेत गेले, तेथे नवे पाठभेद घेऊन लेडबेटर यांच्यापाशी आले, आणि त्यांच्या गळ्यातून पुन्हा कागदावर उतरले. 6 डिसेंबर 1949 रोजी न्यूयॉर्क येथे स्नायूंच्या असाध्य विकाराने ते निवर्तले. वर्ष उलटण्यापूर्वीच, 1950 साली ‘द वीव्हर्स’ या गायकवृंदाची या गीताची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत तेरा आठवडे अग्रस्थानी होती. श्रेय लेडबेटर व लोमॅक्स या दोघांच्या नावे होते. डेव्हिस यांचे नाव त्यात नव्हते. तेव्हा लोमॅक्स यांच्यावर जो आक्षेप घेतला जातो, तो परंपरेच्या साखळीतील आधीच्या दुव्याच्या बाबतीत लेडबेटर यांच्या नावालाही लागू होतो, हे निःपक्षपातीपणे मान्य केले पाहिजे.

तरीही दोन्ही बाबी समान नाहीत. लेडबेटर यांनी गीत बदलले, वाढविले व दीर्घकाळ जिवंत ठेवले. लोमॅक्स यांनी ते टिपून घेतले. टिपून घेण्याचे मोल थोडे नाही. 1933 व 1934 सालच्या तबकड्या नसत्या, तर अँगोलातील हा आवाज तेथेच विरला असता. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जतन करणे म्हणजे रचणे नव्हे. 1948 सालच्या शरद ऋतूत फ्रेडरिक रॅम्झी यांनी नव्याने उपलब्ध झालेल्या ध्वनिफितीवर त्यांचे मुद्रण केले. तबकडीच्या तीन-चार मिनिटांची मर्यादा तेथे नव्हती. त्यामुळे गाणी व त्यांवरील बोलणे सलग मुद्रित झाले. चरित्रकाराच्या दृष्टीने हे साधन सर्वांत विश्वसनीय मानावे लागते, कारण कोणते गाणे कोणत्या क्रमाने आणि कोणत्या स्पष्टीकरणासह सांगावे, हे तेथे बहुतांशी गायकाने ठरविले आहे.

क्षेत्रात जाऊन गीते व बोली टिपणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी या चरित्रातून एक साधी गोष्ट घ्यावी. नोंदवहीत गीताच्या पाठाबरोबर सांगणाऱ्याचे नाव, त्याने ते कोणाकडून घेतले, आणि त्याविषयी तो स्वतः काय म्हणतो, हेही तितक्याच काळजीने लिहावे. पाठभेद पुढे कोणीही ताडून पाहील. गाळलेले नाव मात्र सहसा परत मिळत नाही.