तुटलेला धागा आणि यंत्राचें निदान

सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. १८९८ सालीं नरसिंग गिरजी गिरणी निघाली. आज त्या गिरण्यांचे भोंगे वाजत नाहींत. तथापि सांचेखात्यांतील एक जुनी अडचण समजून घेतली, म्हणजे आजचीं इलेक्ट्रॉनिक यंत्रें स्वतःचा दोष स्वतःच कसा हुडकतात, हें कोडें पुष्कळसें उलगडतें.

सांच्यावर ताण्याचे शेंकडों, कधीं हजारों धागे असतात. एक तुटला आणि सांचा चालूच राहिला, तर कापडांत उभी रेघ पडून माल खोटा होतो. हा पहारा पाश्चात्त्यांनीं यंत्राकडे सोपविला. प्रत्येक धाग्यावर पोलादाची पातळ पट्टी टांगावयाची. धागा तुटतांच ती खालीं पडते आणि सांचा थांबतो. गेल्या शतकापूर्वीच्या अखेरच्या दशकांत अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप मागानें ही युक्ति रूढ केली. जपानांत साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या मागांतही धागा तुटतांच थांबण्याची सोय होती.

मात्र धागा तुटला एवढेंच पट्टी सांगते. कां तुटला, हें सांगत नाहीं. सूत कच्चें होतें, खळ कमी पडली, कीं फणी खरखरीत होती, हें सांचेवाल्याच्या बोटांनाच कळे.

इलेक्ट्रॉनिक यंत्रांत तर धागा डोळ्यांस दिसतही नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या 'टिफ्रॅक' गणकयंत्रांत सुमारें २७०० निर्वात नलिका होत्या. इतक्यांतून दगा देणारी नलिका कशी निवडावी? अमेरिकेंतील 'व्हर्लविंड' यंत्रावर एक तोड निघाली होती: विजेचा दाब मुद्दाम कमीजास्त करावयाचा, म्हणजे जी नलिका उद्यां मरावयाची ती आजच अडखळते. १९६६ सालीं जे. पॉल रॉथ यांनीं याच्याही पुढचें पाऊल टाकलें. अमुक तार बिघडली असल्यास यंत्रास कोणता प्रश्न घालावा, म्हणजे तो बिघाड उत्तरांत उमटेल, हें गणितानें आधींच काढण्याची पद्धति त्यांनीं प्रसिद्ध केली.

परंतु दोन निरनिराळे दोष पुष्कळदां एकच उत्तर देतात. अशा वेळीं यंत्र संशयितांची यादी पुढें करतें. निवाडा माणसासच करावा लागतो. शिवाय जो दोष कोणीं कधीं कल्पिलाच नाहीं, त्यासाठीं प्रश्नही तयार नसतो.

म्हणूनच एक इतिहास विसरूं नये. १९२८ सालीं मुंबईच्या गिरण्यांत प्रदीर्घ संप झाला, त्याच्या कारणांत विणकरानें दोनांऐवजीं तीन सांचे संभाळावे, ही मागणी ठळक होती. ज्याच्यापुढें सांचे वाढतात, त्यास 'कां' असें विचारण्याची उसंत उरत नाहीं. पहारा यंत्राकडे गेला याचें दुःख नको. पण त्यामुळें मोकळा झालेला वेळ जर कारण शोधण्याकडे न लागतां आणखी एका सांच्याकडे गेला, तर पट्टी पडत राहील, सांचा थांबत राहील, आणि धागा कां तुटतो हें सांगणारीं बोटें मात्र हळूहळू नाहींशीं होतील.