जीपचा पंप आणि तुटलेला धागा

खानदेशाचा इतिहास म्हटला म्हणजे व्याख्यात्याच्या जिभेवर ठरलेली नावे येतात. थाळनेरचे फारुकी, लळिंगचा किल्ला, १८१८ नंतर धुळ्याची घडी बसविणारा कॅप्टन ब्रिग्ज, भिल्ल पलटण उभारणारा औट्रम, आणि १९०६ साली झालेली पूर्व व पश्चिम खानदेश ही वाटणी. धुळ्यास राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ असल्यामुळे जुन्या कागदांची आपल्याकडे कदरही आहे. परंतु यंत्रांची बखर कोणी लिहीत नाही. मोट जाऊन इंजिन आले, इंजिन जाऊन विजेची मोटार आली, दमणी जाऊन जीप आली; पण त्या बदलांत काय मिळाले आणि काय हातचे गेले याची नोंद कोठल्याही दप्तरात सापडावयाची नाही. आज आम्ही ज्या वस्तूविषयी लिहिणार आहोत ती मुठीत मावण्याजोगी आहे. जीपच्या टाकीतील पेट्रोल इंजिनाकडे नेणारा हा पंप. 'पेट्रोलपंप' म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे नाक्यावरचा पंप उभा राहतो, म्हणून आम्ही त्याला नुसते 'पंप' असेच म्हणू.

प्रश्न जुना आहे. चालविणारा माणूस शुद्धीवर नसेल, तर चालणाऱ्या वस्तूने थांबावे कसे? बैलगाडीच्या काळात हा प्रश्न कोणास पडला नाही. गाडीवानाला डुलकी लागली तर बैल आपल्या चालीने घर गाठीत. जू मोडले तर जागच्या जागी उभे राहात. थांबण्याची अक्कल बैलातच होती. वाफेचे बॉयलर आले तेव्हा मात्र ही अक्कल धातूत ओतावी लागली. जळगावच्या कापडगिरणीची आणि खानदेशातील जिनांची धुराडी ज्या बॉयलरांवर धुमसत, त्या जातीच्या बॉयलरात भट्टीच्या माथ्यावर लवकर वितळणाऱ्या धातूचे एक बूच बसविलेले असे. ही युक्ती इंग्लंडातील ट्रेव्हिथिकची, १८०३ सालची. पाणी प्रमाणाबाहेर खाली गेले की बूच वितळावे, वाफ भट्टीत घुसावी आणि विस्तव दबावा. आग्या झोपला असो वा तंबाखू मळीत बसलेला असो, बूच आपले काम करी.

आमच्या शेतकरी वाचकांना याहून जवळचा दाखला विहिरीवरच्या स्टार्टरचा आहे. वीज गेली की त्यातील 'नो-व्होल्ट' कॉइल सुटते आणि मोटार बंद पडते. वीज परत आली तरी कोणी बटन दाबल्याखेरीज ती सुरू होत नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत रात्री-अपरात्री वीज येते, म्हणून लोक त्यावर 'ऑटो' बसवितात आणि ही सोय मोडून टाकतात. त्यांची अडचण आम्हांस समजते. पण मध्यरात्री पंपाशी वाकलेल्या माणसाच्या हाताखाली मोटार अचानक फिरू लागते, तीही या 'ऑटो'मुळेच. जीपच्या पंपाची कथा हुबेहूब अशीच आहे.

जीप ही दुसऱ्या महायुद्धाची संतती. अमेरिकेत १९४१ पासून विलीज कंपनीने ती हजारोंनी बनविली, आणि १९४७ पासून महिंद्रांनी ती आपल्याकडे आणण्यास आरंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला, आणि जीप म्हणजे सरकार असे समीकरण खेड्यापाड्यांत रूढ झाले. अक्राणी महालातील धडगावची वाट, तोरणमाळची चढण, यावलच्या जंगलातून पालकडे जाणारा रस्ता येथे दुसरे वाहन नेणे म्हणजे धाडसच होते. (अक्राणी आणि तोरणमाळ तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.) या गाडीची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असे. एवढी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

टाकी खाली आणि कार्ब्युरेटर वर, तेव्हा पेट्रोल उपसून न्यावे लागे. जुन्या फोर्ड 'मॉडेल टी' गाडीत टाकी उंचावर ठेवून पेट्रोल उताराने सोडीत. टाकीत ते कमी असले आणि चढ खडा असला तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नसे, म्हणून लोक त्या गाड्या घाटात पाठमोऱ्या चढवीत! जीपला हे परवडण्याजोगे नव्हते. तिच्या इंजिनाच्या कुशीलाच एक लहानसा पंप जोडलेला असे. आपले मेस्त्री त्याला 'ए. सी. पंप' म्हणतात. ती अक्षरे मूळची एका अमेरिकन कारखान्याची, म्हणजे आल्बर्ट शॅम्पियन या गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे. इंजिनाचा कॅम फिरला की पंपाची दांडी उचलली जाते, दांडीने आतील पडदा ओढला जातो, पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जाते. रचना इतकीच. पण तिच्यात एक गुण होता व त्याची किंमत तो हरवेपर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. इंजिन थांबले की कॅम थांबे, आणि कॅम थांबला की पंप थांबे. गाडी झाडावर आदळली, चालक बेशुद्ध पडला, चावी तशीच राहिली, तरी पेट्रोलची उपसणी त्याच क्षणी बंद. इंजिन आणि पंप यांना बांधणारा हा धागा कोणी मुद्दाम विणला नव्हता. तो आपोआप मिळाला होता.

हा पंप निर्दोष होता असे आमचे म्हणणे नाही. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरे, आणि गाडी उलटली तर टाकीच्या झाकणातून जे गळावयाचे ते गळेच. शिवाय खानदेशात त्याचा खरा वैरी होता वैशाखाचा उन्हाळा. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो हे येथल्या माणसास सांगावयास नको. पेट्रोलातील हलका भाग त्याहून कमी उष्णतेतच उकळू लागतो. त्यात पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला, आणि तो पेट्रोल ओढून घेणारा. ओढीमुळे नळीतील दाब कमी होतो व उकळी आणखी लवकर फुटते. नळीत पेट्रोलाऐवजी वाफ भरली की पंप नुसता हालत राहतो आणि गाडी बंद पडते. मग बॉनेट उघडावयाचे, पंपावर ओले फडके टाकावयाचे आणि बाभळीच्या सावलीत वाट पाहात बसावयाचे. पळासनेरच्या बाजूला आग्रा रस्त्याच्या चढावर किंवा सातपुड्याच्या वळणांवर हा विधी एकदा तरी केला नाही असा जुना जीपचालक विरळा.

यावर उपाय निघाला तो विजेच्या पंपाचा. तो टाकीपाशी थंड जागी बसवावा. म्हणजे तो ओढण्याऐवजी मागून ढकलतो, नळीत दाब राहतो आणि वाफ धरत नाही. इंग्रजी गाड्यांत 'एस. यू.' जातीचे विजेचे पंप १९३०-४० पासून प्रचारात होतेच. उन्हाळ्याला कंटाळलेल्यांनी जुन्या पेट्रोल जीपांना असे पंप लावले, आणि आजही हौसेने जपलेल्या जीपा घेऊन डोंगरात जाणारे ते लावतात. उपाय शास्त्रशुद्ध आहे. त्यात चूक होते ती तारेच्या जोडणीत. पंपाची तार चावीच्या स्विचवरून सरळ नेली की काम झाले असे समजतात. परंतु त्या क्षणी तो जुना धागा तुटतो. आता पंप इंजिनाला ओळखत नाही, फक्त चावीला ओळखतो. गाडी घळीत गेली, पेट्रोलची नळी तुटली, इंजिन थांबले; चावी चालूच आहे, आणि चावी फिरविणारा हात निपचित पडला आहे. पंप मात्र आपल्या कर्तव्यात कसूर करीत नाही. मिनिटाला लिटरभर, कधी त्याहूनही अधिक पेट्रोल तो तापलेल्या इंजिनाभोवती आणून ओततो. टाकी रिकामी होईपर्यंत त्याला थांबविणारे कोणी नसते.

परदेशांत हा दोष ओळखला गेला आणि तुटलेला धागा पुन्हा जोडण्याच्या युक्त्या निघाल्या. १९७० साली अमेरिकेत निघालेल्या शेव्हरोले 'व्हेगा' गाडीत टाकीतच विजेचा पंप होता, आणि त्याची वीज इंजिनातील तेलाच्या दाबावर चालणाऱ्या स्विचमधून जाई. इंजिन थांबले की तेलाचा दाब उतरतो, आणि दाब उतरला की पंप बंद. आम्हांस याहून मोहक वाटली ती जर्मनीतील बॉश कंपनीची १९७३-७४ च्या सुमाराची 'एल-जेट्रॉनिक' रचना. इंजिन श्वास घेते तेव्हा हवेच्या वाटेतील एक झडप ढकलली जाते. ती ढकललेली असेल तरच पंपाला वीज मिळे. इंजिनाचा श्वास थांबला, झडप मिटली, पंप गप्प. पुढे ही पहारेदारी संगणकाकडे गेली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात इंजेक्शनच्या मोटारी आल्या, २००० च्या सुमारास मारुतीची 'जिप्सी'ही कार्ब्युरेटर सोडून त्या पंक्तीत बसली, आणि पंप चालू ठेवावा की नाही हे इंजिन फिरत असल्याच्या विजेच्या खुणेवरून ठरू लागले.

दुसरी युक्ती धक्क्याच्या स्विचची. एका निमुळत्या वाटीत पोलादी गोळी लोहचुंबकाने धरून ठेवलेली असते. जबर धडक बसली की गोळी चुंबकाची पकड सोडून वर उसळते, वरच्या पट्टीवर आपटते आणि पंपाची वीज तोडते. नंतर बटन दाबून ती पुन्हा जोडावयाची. अमेरिकेतील फोर्ड गाड्यांत १९८०-९० च्या दशकात असले स्विच सर्रास दिसत.

आता हे दोन स्विच जुन्या जीपेत बसवावयाचे, तर अडचणी येतात आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. तेलाच्या स्विचची अडचण आरंभाची. इंजिन फिरल्याखेरीज दाब नाही आणि दाबाखेरीज पेट्रोल नाही. म्हणून स्टार्टरकडून एक वेगळी तार पंपाला द्यावी लागते. स्टार्टर फिरत असेतो ती पंप चालविते, आणि मग तेलाचा स्विच कारभार हाती घेतो. मात्र ती तार रिलेमधून न आणता नुसती गुंफली, तर पंपाची वीज उलटी स्टार्टरकडे वाहते आणि नवेच संकट ओढवते. धक्क्याच्या स्विचची अडचण रस्त्याची. गुळगुळीत हमरस्त्यासाठी केलेला स्विच नदीच्या गोट्यांवर आणि नांगरटीच्या ढेकळांवर विनाकारण सुटतो. दोन वेळा असा सुटला की चालक वैतागून त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून टाकतो, विहिरीवरच्या 'ऑटो'सारखेच. म्हणून तो भक्कम पत्र्यावर सरळ उभा बसवावा, चाकांचे हादरे थेट पोचतील अशा जागी नको, आणि त्याचे बटन चालकाच्या हाताच्या पल्ल्यात असावे. आसनाखाली टाकीशेजारी लपविलेले बटन अंधाऱ्या घाटात सापडत नाही. आमच्या मते दोन्ही स्विच एकामागून एक जोडावेत. धडक न होता गाडी नुसती कलंडून इंजिन गुदमरले, तर गोळी हलेलच असे नाही. तेथे तेलाचा दाबच पंप थांबवील.

डिझेलच्या जीपा आल्यावर पेट्रोलच्या मागे पडल्या, आणि डिझेल पेट्रोलासारखे चटकन पेट घेत नाही, म्हणून ही चर्चा गॅरेजांतूनही मावळली. परंतु हल्लीच्या पेट्रोल गाडीत बसून एक प्रयोग कोणालाही करता येतो. किल्लीने चालणाऱ्या गाडीची चावी 'चालू'वर आणावी, इंजिन सुरू करू नये, आणि मागच्या आसनाकडे कान द्यावा. बहुतेक गाड्यांत टाकीच्या बाजूने दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते आणि आपोआप थांबते. चावी चालूच असते. पण इंजिन फिरत नाही हे ध्यानी येताच पंपाची वीज तोडलेली असते. नंतर हाच प्रयोग सरळ चावीवर जोडलेल्या विजेच्या पंपाच्या जुन्या जीपेत करावा. तेथे गुणगुण चालूच राहील. आणि पंप टकटक करणारा जुन्या जातीचा असेल, तर त्याची टकटक काही वेळाने थांबेल, पण ती कार्ब्युरेटर भरल्यामुळे. पुढची नळी तुटलेली असती, तर ती टकटक थांबली नसती.