सातबाऱ्यावरचा शेरा काढायचाय? आधी तो कोणी लावला ते शोधा

जुन्नर / घोडेगाव : व्यवहार ठरतो, विसार दिला जातो, दस्ताचा दिवस उजाडतो. ताजा सातबारा काढला की 'इतर अधिकार' रकान्यात एक ओळ निघते. सोसायटीचा जुना बोजा, बहिणीचं नाव, कोर्टाची मनाई, नाहीतर 'पुनर्वसनासाठी राखीव'. तिथेच व्यवहार अडकतो, बँकेचं कर्जही अडकतं. मग तलाठी, सर्कल, तहसील अशा चकरा सुरू होतात.

या चकरा वाढण्याचं मोठं कारण एकच. ओळ तलाठ्याने लिहिली म्हणून तलाठीच ती काढेल, असं धरलं जातं. प्रत्यक्षात तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फक्त नोंद धरतो. ज्याच्या हक्कामुळे किंवा आदेशामुळे शेरा लागला, त्याचाच कागद आल्याशिवाय तो निघत नाही.

पहिलं काम : फेरफार काढा

इतर अधिकारातल्या नोंदीपुढे कंसात आकडा असतो. तो फेरफार नंबर. त्या फेरफाराची नक्कल काढली की नोंद कधी, कोणत्या कागदावरून आणि कोणी मंजूर केली ते कळतं. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. नक्कल हातात नसताना दिलेला अर्ज बहुतेक वेळा अंधारात मारलेला दगड ठरतो.

सोसायटी किंवा बँकेचा बोजा

विकास सोसायटीकडून पीककर्ज घेताना सभासद इकरार करून देतो. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ नुसार त्या इकराराचा बोजा जमिनीवर बसतो. कर्ज पूर्ण फिटेपर्यंत परवानगीशिवाय जमीन विकली, तर तो व्यवहार कायद्याने टिकत नाही.

कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा निल दाखला घ्यावा लागतो आणि बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून करावा लागतो. वडिलांच्या नावचं कर्ज मुलांनी फेडलं असेल, तर आधी वारस नोंद करून घेतलेली बरी.

बहिणीचं नाव

सगळ्यात कडू भांडण इथेच होतं. पूर्वी वडील गेल्यावर भावांची नावं कब्जेदार सदरी आणि बहिणींची इतर अधिकारात, अशी अनेक ठिकाणी पद्धत होती. पण रकाना बदलला म्हणून बहिणीचा वारसाहक्क संपत नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानेच मुलासारखा हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं.

बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र लागतं. स्टॅम्पवर घेतलेली सही किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र पुरेसं नाही. ती तयार नसेल, तर तिच्या संमतीशिवाय नाव कमी करण्याचा आडमार्ग नाही. वाटपाचा दावा, नाहीतर समजुतीने वाटणी, हेच दोन रस्ते उरतात.

कोर्टाची मनाई आणि कॅव्हेट

कोर्टाच्या मनाईहुकमावरून शेरा लागला असेल, तर तो उठवण्याचा अर्ज त्याच कोर्टात करावा लागतो. दावा निकाली निघाला असेल, तर निकालाची सहीशिक्क्याची नक्कल जोडून नोंद कमी करून घेता येते. मनाई नसली तरी दावा चालू असताना घेतलेली जमीन त्या निकालाला बांधील राहते, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ सांगतं.

गावात 'जमिनीवर कॅव्हेट टाकलंय' असंही म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खालचं कॅव्हेट जमिनीवर बसत नसतं. 'आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' एवढंच ते कोर्टाला सांगतं आणि ९० दिवसांनी संपतं. त्याने खरेदीखत थांबत नाही आणि ते सातबाऱ्यावरून 'काढायचा' प्रश्नही येत नाही.

धरणाचा शेरा

डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं याच दोन तालुक्यांतली. धरणात गेलेल्यांना जमीन देण्यासाठी लाभक्षेत्रातल्या जमिनी पुनर्वसन कायद्याखाली अधिसूचित होतात. अधिसूचित जमिनीची विक्री किंवा वाटणी सरकारी परवानगीशिवाय करता येत नाही.

मात्र शेरा म्हणजे संपादन नव्हे. संपादनाचा निवाडा झाला का, मोबदला दिला गेला का, आपला गट अधिसूचनेत खरोखर आहे का, ही माहिती जिल्हा पुनर्वसन कार्यालयाकडून लेखी घ्यावी. माहिती अधिकारातही ती मागता येते. गट यादीत नसेल किंवा संपादन सोडून दिलं असेल, तर शेरा कमी करण्याचा अर्ज पुण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. तिथे दाद मिळाली नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. दुसरी बाजूही विसरू नये. त्याच शेऱ्याच्या पलीकडे धरणात घर-शेत गेलेलं आणि जमिनीची वाट पाहणारं कुटुंब असू शकतं.

जो शेरा काढायचा नसतो

पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर समाजाच्या जमिनींवर कलम ३६-अ चा शेरा दिसतो. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, हा त्याचा अर्थ. तो अडथळा नव्हे, संरक्षण आहे. शेरा नजरचुकीने राहून गेला, तरी कायदा लागू राहतोच. 'शेरा काढून देतो' म्हणणाऱ्या दलालापासून चार हात लांब राहावं.

हरकत आली तर

नोंद धरली की हितसंबंध असलेल्यांना नोटीस निघते. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. निर्णय विरुद्ध गेला, तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. या दोन तालुक्यांचं प्रांत कार्यालय मंचरला आहे. मुदत गेली असेल, तर उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं.

कलम १५५ चा अर्ज फक्त लिहिण्यातल्या चुकीसाठी, म्हणजे नाव चुकलं, क्षेत्राचा आकडा चुकला, अशा कामांसाठी. हक्काचं भांडण त्या अर्जात मिटत नाही.

शेवटचा शब्द दिवाणी कोर्टाचा

सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावरची नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, पण नोंदीने मालकी तयार होत नाही आणि नोंद खोडल्याने ती बुडतही नाही. मालकीचाच वाद असेल, तर घोडेगाव किंवा जुन्नरच्या दिवाणी न्यायालयात हक्क ठरवून घ्यावा लागतो. प्रांत, जिल्हाधिकारी अशी वर्षं घालवून शेवटी तिथेच जाण्यापेक्षा, वकिलाला फेरफार दाखवून आधीच दिशा ठरवावी.

आणि घेणाऱ्याने विसार देण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात : ताजा डिजिटल सातबारा, इतर अधिकारातल्या प्रत्येक नोंदीचा फेरफार आणि 'आपली चावडी'वर त्या गटाची प्रलंबित नोंद. विसाराचे पैसे हातातून गेले की मग फक्त तारखा उरतात.