धार-देवासची ख्रिस्ती मंडळी: दुष्काळापासून उदयनगरपर्यंत

माळव्यात ख्रिस्ती मंडळी उभी राहिली ती मराठी दरबारांच्या राज्यात. धारला पवारांची गादी होती. देवासला त्याच घराण्याच्या थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदत होत्या. वाड्यात मराठी, बाजारात माळवी आणि विंध्याच्या उतारावर भिली बोलली जाई. १८७७ साली कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनने इंदूरला काम सुरू केले, तेव्हा ब्रिटिश मुलखात मिळणारा आधार येथे गृहीत धरता येत नव्हता. होळकर दरबाराने बाजारातल्या उपदेशाला उघड विरोध केला आणि हा वाद काही वर्षे चालला.

बाप्तिस्मा घेणाऱ्याची अडचण याहून मोठी होती. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, असा कायदा कंपनी सरकारने १८५० साली केला होता. पण तो ब्रिटिश मुलखापुरता. संस्थानात निवाडा दरबारचा आणि भाऊबंदांचा. घर, शेताचा वाटा, विहिरीचे पाणी, मुलीचे लग्न, मयताला खांदा देणारी माणसे, हे सारे एका दिवसात हातचे जाण्याची भीती होती. श्रद्धेची परीक्षा प्रार्थनेच्या वेळी होत नसे. ती पाणवठ्यावर आणि तेराव्याच्या पंगतीत होई. पुन्हा जातीत घेतो, प्रायश्चित्त कर, असे घरचेच रडून सांगत. धमकीपेक्षा आईच्या या विनवणीने माघार घेणे अधिक सोपे होते.

धारला मिशनचे केंद्र १८९५ साली उघडले आणि तेथे डॉ. मार्गारेट ओहारा आल्या. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन त्या १८९१ साली भारतात आल्या होत्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवत नसत, म्हणून स्त्री डॉक्टरला सरदारांच्या वाड्याचे दार उघडले आणि धारला बायकांचे इस्पितळ उभे राहिले. अशा इस्पितळांत रोग्याचे नातेवाईक स्वतःची चूल मांडत, कारण मिशनच्या हातचे अन्न चालत नसे. जखम धुणारी, बाळंतिणीजवळ रात्र काढणारी बाई पुष्कळदा बाप्तिस्मा घेतलेली विधवा असे. ज्या जातीने तिला दूर केले, त्याच जातीच्या बायकांची मलमपट्टी तिच्या वाट्याला येई. तिची श्रद्धा पाहायची तर इथे पाहावी. मिशनच्या अहवालांतले बाप्तिस्म्यांचे आकडे त्यापुढे फिके आहेत.

मग छप्पन्नचा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. माळव्यात दुष्काळ पडत नाही, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. मारवाडात काळ पडला की माणसे आणि गुरे माळव्याकडे निघत, तशी याही वर्षी निघाली. पण या वेळी माळव्याचीच कोठारे रिकामी होती. धार संस्थानची लोकसंख्या १८९१ साली सुमारे १,६९,००० होती, ती १९०१ साली १,४२,००० वर आली. सर्वांत जास्त माणसे भिल्लांच्या डोंगराळ भागात दगावली. याच सुमारास पंडिता रमाबाई दुष्काळी मुलखातल्या मुलींना केडगावला आसरा देत होत्या. कॅनडाच्या मिशनने माळव्यातली शेकडो अनाथ मुले सांभाळली. त्यांतल्या मुलग्यांसाठी महूजवळ रसलपुऱ्याला सुतारकाम, विणकाम अशा धंद्यांची शाळा काढली.

अन्नासाठी धर्म बदलला, हा ठपका या काळापासून मंडळीला चिकटला. ठपका पूर्णपणे खोटा म्हणता येत नाही. उपाशी मुलापुढे भाकरी ठेवणारा हात ज्याचा, त्याचा देव ते मूल मानणारच, आणि संख्या वाढलेली दाखवण्याचा मोह मिशनलाही होता. पण ही मुले मोठी झाली, सुतार झाली, शिक्षक झाली, परिचारिका झाली; भाकरीची गरज संपल्यावरही बरीचशी मंडळीत राहिली. वेगवेगळ्या जातींच्या पोरक्या मुला-मुलींची लग्ने झाली आणि ज्यांना सोयरे नाहीत, कुलदैवत नाही, अशी घरे उभी राहिली. त्यांना नातेवाईक म्हणून मंडळीच होती.

या घरांना रोजचा मोह होता तो मोहाच्या दारूचा आणि अफूचा. अफू हे माळव्याचे मोठे नगदी पीक. चीनकडे जाणारी तिची निर्यात १९१३ साली थांबली, तरी घरातला वापर थांबला नाही. शेतावर मजुरीला जाणारी आई तान्ह्या बाळाला अफूची बाळगोळी चाटवी, म्हणजे ते दिवसभर झोपून राही. हे बाईचे व्यसन नव्हते, ती तिची गरज होती, आणि म्हणूनच उपदेशाने ते सुटत नसे. दारूचा प्रश्न याहून अवघड. भिल्लांच्या जन्म, लग्न, मृत्यू या प्रत्येक विधीत दारू असते; तिचे थेंब जमिनीवर सांडून पूर्वजांना दिले जातात. घोट नाकारणे म्हणजे वाडवडिलांना नाकारणे. होळीआधीच्या भगोऱ्याच्या बाजारात ख्रिस्ती तरुणाने ढोल वाजवावा की नाही, हाही प्रश्न असे. प्रेसबिटेरियन शिस्तीत मंडळीचे वडील चूक करणाऱ्याला प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवत आणि पश्चात्ताप झाला की परत घेत. मंडळीबाहेर ज्याला कोणी नाही, त्याच्यावर या शिस्तीचे ओझे फार होते. भगोऱ्याचा ढोल आणि दारूचे व्यसन यांना एकाच मापाने मोजण्यात मिशनरी चुकले, असे आज म्हणावे लागते.

१९२४ साली प्रेसबिटेरियन मंडळ्या उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि हे संयुक्त चर्च त्यात मिळाले. दरम्यान १९३२ पासून एस.व्ही.डी. संघाचे कॅथलिक धर्मगुरू इंदूर भागात काम करू लागले आणि १९५२ साली इंदूरचा धर्मप्रांत झाला. १९६८ साली मध्य प्रदेशाने बळजबरी, प्रलोभन किंवा फसवणूक करून होणाऱ्या धर्मांतराला बंदी करणारा कायदा केला. त्यानंतर सेवेच्या प्रत्येक कामाकडे संशयाने पाहणारी नजर कायमची आली.

त्या नजरेखाली १९९२ साली सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. जन्म केरळातल्या पुल्लुवळीचा, १९५४ सालचा; संघ फ्रान्सिस्कन क्लारिस्ट. उदयनगरच्या आसपासचा आदिवासी शेतकरी पावसाळ्यापूर्वी सावकाराकडून बी आणि धान्य उचली, सुगीला सावकाराच्याच भावाने फेडी आणि उरलेल्या बाकीपोटी जमीन गहाण ठेवी. सिस्टरांनी लोकांना बँकेत नेले, सरकारी योजनांचे अर्ज भरायला शिकवले, बचतीची सवय लावली. सावकारीला याहून मोठा धोका कोणता? २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये समुंदर सिंग या तरुणाने प्रवाशांदेखत त्यांच्यावर चाकूचे अनेक वार केले. त्यांचे वय ४१ होते.

समुंदर सिंगला जन्मठेप झाली. ज्यांनी त्याला या कामाला लावले त्यांनी नंतर पाठ फिरवली, असे तो पुढे सांगत असे, आणि सुडाची भावना त्याच्या मनात घर करून होती. स्वामी सदानंद हे भगवी वस्त्रे घालून राहणारे कॅथलिक धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटू लागले. राणी मारियांच्या धाकट्या बहीण सिस्टर सेल्मी पॉल याही त्याच संघात होत्या. २००२ च्या राखीपौर्णिमेला त्या इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समुंदर सिंगला राखी बांधली. माळव्यातल्या कोणत्याही माणसाला न सांगता समजेल असे ते बंधन होते. खुनानंतर सात वर्षांनी हे घडले. क्षमा एका क्षणात झाली नाही आणि तिने शिक्षा पुसलीही नाही. समुंदर सिंगने सुमारे अकरा वर्षे तुरुंगात काढली.

सुटकेसाठी कागदही लागले. सिस्टरांच्या कुटुंबीयांनी आणि संघाने शिक्षा कमी करण्याच्या अर्जाला साथ दिली आणि २००६ साली तो बाहेर आला. पुढे तो केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला आणि त्यांनी त्याला घरात घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले. २५ फेब्रुवारी हा त्यांचा स्मरणदिन ठरला.