आफ्टरनून टी : इतिहास, रीत आणि मेन्यू वाचताना घ्यायची काळजी

पोरं शिकायला किंवा नोकरीला लंडन-बर्मिंगहॅमला गेली, की एक दिवस अम्मी-अब्बू भेटायला जातातच. मग मुलं हौसेने त्यांना एखाद्या जुन्या, नामांकित हॉटेलात चहाला घेऊन जातात. इकडे मुंबईतही सोयरिकीची पहिली भेट किंवा लग्नाचा वाढदिवस अशा निमित्ताने मोठ्या हॉटेलातल्या 'हाय टी'ला जाणारी कुटुंबं वाढली आहेत. टेबलावर तीन मजली स्टँड येतो, सगळे फोटो काढतात, आणि मग हळूच कुजबुज सुरू होते, "हे आपल्याला चालतं का गं?"

ती कुजबुज टेबलावर बसल्यावर नको, घरून निघण्याआधीच व्हावी म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत.

चहा इंग्लंडला कसा पोहोचला

या गोष्टीत आपली मुंबईही आहे. १६६२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचं लग्न पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रागांझा हिच्याशी झालं. या लग्नाच्या करारात पोर्तुगिजांनी मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला दिलं आणि १६६८ मध्ये ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. लंडनमध्ये चहा त्याआधीच पोहोचला होता, पण दरबारात आणि बड्या घरांत त्याची आवड रुजवली ती या राणीने.

त्या काळी चहा चीनमधून यायचा आणि इतका महाग असायचा, की तो कुलूपबंद पेटीत ठेवत. पुढे कंपनीने आसामात चहाचे मळे उभे केले. १८३९ मध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. त्यानंतर दार्जिलिंगचा चहा आला. आज लंडनच्या कुठल्याही मोठ्या हॉटेलच्या यादीत ही दोन नावं दिसतातच.

चार वाजताची भूक

दुपारच्या चहाची ही रीत साधारण १८४० च्या सुमाराची. श्रेय दिलं जातं बेडफर्डची सातवी डचेस ॲना हिला. तेव्हा दुपारचं जेवण हलकं असे आणि रात्रीचं जेवण आठ-नऊच्या पुढे. मधल्या वेळी पोटात कावळे ओरडायचे. म्हणून ती आपल्या खोलीत चहा, पाव-लोणी आणि केक मागवू लागली, मग मैत्रिणींनाही बोलावू लागली. पुढे हा प्रकार घरांतून हॉटेलांत आला. लंडनचं लँगम हॉटेल १८६५ मध्ये सुरू झालं, रिट्झ १९०६ मध्ये. दोन्हीकडची 'पाम कोर्ट' ही दालनं आजही चहासाठी प्रसिद्ध आहेत.

इथे एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे अशा थाटाच्या चहाला सरसकट 'हाय टी' म्हणतात. इंग्लंडमध्ये मात्र हाय टी म्हणजे कामगार घरांतलं संध्याकाळचं जेवण. गिरणी-खाणीतून दमून आलेला माणूस उंच टेबलाशी बसून मांस, बटाटे, पाव आणि कडक चहा घ्यायचा. बड्या लोकांचा, बैठ्या टेबलावरचा तो आफ्टरनून टी. लंडनमध्ये बुकिंग करताना हाच शब्द वापरा.

तीन मजल्यांवर काय असतं

साधारणपणे खालून वर खात जायचं.

खालच्या ताटलीत बोटाएवढी, कडा कापलेली सँडविच असतात : काकडी, अंडं, स्मोक्ड सामन मासा, चिकन आणि बऱ्याचदा हॅम. 'कोरोनेशन चिकन' हे करी मसाल्याचं सारण १९५३ च्या राज्याभिषेकाच्या मेजवानीसाठी तयार केलं गेलं.

मधल्या ताटलीत स्कोन असतात. हे बिस्किट आणि पाव यांच्या मधलं काहीतरी. सोबत जॅम आणि क्लॉटेड क्रीम, म्हणजे आपल्या घट्ट सायीची चुलत बहीण. डेव्हनमध्ये आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. यावरून तिथे आजही वाद होतात. स्कोन सुरीने न कापता हाताने दोन भाग करतात.

वरच्या ताटलीत छोटे केक, टार्ट, मूस, माकारों.

चहा आपल्यासारखा उकळलेला नसतो. किटलीत पत्ती तीन ते पाच मिनिटं मुरवतात, दूध वेगळं येतं. अर्ल ग्रे चहाला बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाचा वास असतो. कडक चहाची सवय असेल तर आसाम मागवा, दूध त्यातच शोभतं.

कुठे थांबून विचारायचं

आमचाच एक अनुभव सांगतो. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात आम्ही मुलांसाठी 'शाकाहारी' असं लिहिलेलं चॉकलेट मूस मागवलं. ताटलीतलं निम्मं संपल्यावर सहज विचारलं, तेव्हा कळलं की त्यात रम आहे. वेटरची चूक म्हणता येणार नाही. आम्ही मांसाबद्दल विचारलं होतं, दारूबद्दल नाही. त्या दिवसापासून धडा घेतला : शाकाहारी म्हणजे दारूविरहित असं नसतं.

ब्रिटनमध्ये हॉटेलांना १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावीच लागते. पण त्या यादीत दारू नाही आणि जिलेटिनही नाही. म्हणून 'ॲलर्जीची यादी पाहिली' एवढ्यावर थांबू नका. पुढच्या गोष्टी नाव घेऊन विचारा.

जिलेटिन : मूस, पन्ना कोटा, जेली, मार्शमॅलो आणि काही चीजकेकमध्ये असतं. ते डुकराचं किंवा गाईचं असू शकतं. अगर-अगर किंवा पेक्टिन वापरलं असेल तर प्रश्न मिटतो.

दारू : ट्रायफलमध्ये शेरी, तिरामिसूत बऱ्याचदा मार्साला किंवा रम, ख्रिसमस केकमध्ये ब्रँडी. फाइन डायनिंगमध्ये सॉस आणि रिसोत्तोत वाइन घालणं ही नेहमीची पद्धत आहे. "शिजताना उडून जाते" असं सांगितलं जातं, पण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १५ मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के आणि अडीच तासांनंतरही सुमारे ५ टक्के अल्कोहोल उरतं.

चरबी : काही पेस्ट्रीत डुकराची चरबी वापरतात. बटर आहे की चरबी, एवढं विचारलं तरी पुरे.

मांस : 'पोर्क नाही' म्हणजे हलाल नव्हे. ब्रिटनमध्ये एचएमसी आणि एचएफए या दोन संस्थांची प्रमाणपत्रं जास्त दिसतात. जनावराला जबिहाआधी बधिर करावं की नाही, यावर दोघांचे नियम वेगळे आहेत. आपल्या घरात जे मानतात त्याप्रमाणे बघा.

समुद्रातलं : कोळंबी, लॉबस्टर, शिंपले याबाबत आपल्याच घरांत फरक असतो. कोकणी कुटुंबं बहुतेक शाफई, त्यांचा हात इथे मोकळा. हनफी पाहुणे सोबत असतील तर मागवण्याआधी त्यांना विचारा.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बुकिंग करतानाच 'हलाल मांस किंवा शाकाहारी, दारू आणि जिलेटिन नको' असं लेखी कळवणं. लंडनच्या बऱ्याच हॉटेलांत हलाल आफ्टरनून टी आधी सांगितल्यास करून देतात. ऐन वेळी सांगितलं तर स्वयंपाकघराचाही नाइलाज असतो. शॅम्पेन असलेलं पॅकेज वेगळं आणि महाग असतं, ते घेण्याची सक्ती नसते. ज्या टेबलावर दारू येते तिथे बसण्याबाबत हदीसमध्ये मनाई आली आहे, त्यामुळे कार्यालयाच्या पार्टीला जाताना हा विचार आधी करावा.

अदब

उजव्या हाताने खाण्याची आपली सुन्नत आणि काटा डाव्या हातात धरण्याची तिकडची रीत, यात अडकायला होतं. चहाच्या वेळी अडचणच नाही, सगळं हातानेच खायचं असतं. जेवणात आधी तुकडे करून घ्या, सुरी ठेवा आणि काटा उजव्या हातात घ्या. अमेरिकेत असंच खातात, कुणी वळूनही बघत नाही.

कपड्यांचे नियम काही ठिकाणी कडक असतात, जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. शेरवानी, सलवार-कमीज, हिजाब हे नीटनेटके पोशाखच आहेत, संकोच नको. हिवाळ्यात तिकडे असर आणि मगरिब दोन्ही दुपारीच येऊन ठेपतात. वेळ पाहून बुकिंग करा.

मुंबईत

१९०३ मध्ये सुरू झालेल्या ताजमहाल हॉटेलातलं 'सी लाउंज' हे या रिवाजाचं आपल्याकडचं जुनं ठिकाण. खिडकीतून गेटवे आणि समुद्र, आणि टेबलावर सँडविचसोबत भेळ-शेवपुरी. कित्येक पिढ्यांतल्या मुलामुलींच्या लग्नाच्या पहिल्या भेटी इथल्या चहावर ठरल्या, ही त्याची खरी ख्याती.

बिल आणि इसराफ

लंडनमध्ये बिलात बहुधा १२.५ टक्के सेवाशुल्क जोडलेलं असतं. ते ऐच्छिक असेल तर काढून घेता येतं. भारतात सेवाशुल्क सक्तीचं करता येत नाही. मोठ्या हॉटेलांतल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी मात्र साधारण १८ टक्के लागतो.

उरलेले केक-स्कोन बरेच ठिकाणी डब्यात बांधून देतात. मागायला लाजू नका. एवढे पैसे मोजून अन्न टाकून उठणं हा इसराफ आहे, आणि त्याचा हिशेब बिलापेक्षा मोठा.

थाटाच्या जागी बसून खाण्यात काही गैर नाही. प्रश्न विचारायची लाज वाटून, शंका असलेला घास तोंडात घालणं मात्र बरं नाही. आपण सरळ आवाजात विचारलं, की शेजारी बसलेलं पोरही विचारायला शिकतं. उद्या ते परमुलखात एकटं जेवायला बसेल तेव्हा हीच सवय त्याच्या कामी येईल.