आकडा मोजला, पण पोहोचला केव्हा?

शाळेच्या प्रयोगशाळेतील काट्याचा मल्टिमीटर आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीचे असे मीटर अनेकांनी हाताळले असतील. काटा थरथरतो, स्थिरावतो, विद्यार्थी डोळा काट्याच्या बरोबर वर आणतो, पट्टीवरील वाचन घेतो आणि वहीत लिहितो. एका वाचनाला पाच-दहा सेकंद सहज लागतात. या साखळीत सर्वांत मंद कडी कोणती? अर्थातच माणसाचा डोळा आणि त्याची पेन्सिल.

अंकीय मल्टिमीटरचा इतिहास म्हणजे एका अर्थी या मंद कडीच्या स्थलांतराचा इतिहास आहे. एक कडी सुधारली की दुसरी मंद ठरते. जुना मीटर दुरुस्त करून त्याचा वेग तपासणाऱ्यालाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. म्हणून हा इतिहास थोडा तपशिलात पाहू.

तीन मीटरांचा एक मीटर

विद्युतधारा, विभवांतर आणि रोध मोजण्यासाठी पूर्वी वेगवेगळी उपकरणे लागत. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांना ही तीन ओझी वाहून नेण्याचा कंटाळा आला आणि त्यांनी एकाच पेटीत तिन्ही मापने करणारे उपकरण तयार केले. ते १९२३ मध्ये ‘अ‍ॅव्होमीटर’ या नावाने बाजारात आले. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांची आद्याक्षरे मिळून ‘अ‍ॅव्हो’. पण काटा होताच, आणि काट्याबरोबर डोळ्याची चूकही होती.

काटा घालवण्याचे काम अमेरिकेत झाले. कॅलिफोर्नियातील अँड्र्यू के यांनी ‘नॉन-लिनिअर सिस्टिम्स’ ही कंपनी काढली आणि १९५४ च्या सुमारास अंकीय व्होल्टमीटर बाजारात आणला. त्याचे तत्त्व आपल्याला नवे नाही. प्रयोगशाळेतील विभवमापीच्या तारेवर आपण जॉकी सरकवत जातो आणि गॅल्व्हानोमीटर शून्य दाखवेल तो बिंदू शोधतो. के यांच्या मीटरमध्ये जॉकी सरकवण्याचे काम यंत्र करी. टप्प्याटप्प्याने फिरणारे विद्युत-यांत्रिक खटके ज्ञात विभवांतर बदलत जात. ते अज्ञात विभवांतराशी जुळले की खटके थांबत आणि त्यांची स्थिती आकड्यांच्या रूपाने समोर दिसे. डोळ्याची चूक संपली, परंतु आता मंद कडी होती ती खटक्यांची.

वीस मिलिसेकंदांचे रहस्य

पुढे इलेक्ट्रॉनिक मंडलांनी खटक्यांची जागा घेतली. १९६० च्या दशकात ‘दुहेरी उतार’ नावाची पद्धत रूढ झाली. वर्गात शिकवण्याजोगी ही पद्धत आहे.

अज्ञात विभवांतराच्या प्रमाणात धारा घेऊन एक धारित्र ठरावीक वेळ भारित करायचा. मग उलट दिशेच्या ज्ञात, म्हणजे संदर्भ विभवांतराने तो पूर्ण रिकामा करायचा आणि त्याला लागलेला वेळ घड्याळाच्या स्पंदांनी मोजायचा. समजा, भारित करण्याची वेळ २० मिलिसेकंद आहे, संदर्भ विभवांतर १० व्होल्ट आहे आणि धारित्र रिकामा होण्यास ८ मिलिसेकंद लागले. तर अज्ञात विभवांतर १० × ८ ÷ २० म्हणजे ४ व्होल्ट.

या समीकरणात धारित्राची धारिता कुठेच येत नाही. धारित्र जुना होऊन त्याची धारिता थोडी बदलली, तरी भारित होणे व रिकामे होणे या दोन्ही क्रियांवर सारखाच परिणाम होतो आणि उत्तर तेच राहते. घड्याळ किंचित मागे पडले तरी तसेच. संदर्भ विभवांतर मात्र बदलले, तर उत्तर बदलते. दुरुस्ती करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे: या मीटरचा खरेपणा संदर्भावर उभा असतो.

वेळ २० मिलिसेकंदच का घेतली? आपल्याकडील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. मीटरच्या तारांत या पुरवठ्याचा थोडा व्यत्यय नेहमी शिरतो. पूर्ण आवर्तनभर बेरीज केली, की त्याचा धन अर्धा भाग आणि ऋण अर्धा भाग एकमेकांना छेद देतात व शून्य उरते. अमेरिकेत वारंवारता ६० हर्ट्झ असल्याने हाच काळ १६.७ मिलिसेकंद होतो. हेवलेट-पॅकार्डच्या ३४७८ए या मीटरवर मागील बाजूस यासाठी खटकाच आहे. अमेरिकेत वापरलेला असा मीटर आपल्याकडे आला आणि खटका ६० वरच राहिला, तर शेवटचे अंक अस्थिर राहतात. मीटर नादुरुस्त नसतो. तो परक्या विजेच्या तालावर मोजत असतो.

यावरून वेगाची पहिली मर्यादा कळते. व्यत्यय नीट काढून टाकायचा असेल, तर ५० हर्ट्झच्या देशात सेकंदाला ५० हून अधिक वाचने घेता येत नाहीत. त्याहून घाई केली तर किंमत अंकांत मोजावी लागते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस आलेला हेवलेट-पॅकार्डचा ३४४०१ए हा मीटर साडेसहा अंकी आहे. म्हणजे सहा पूर्ण अंक आणि सर्वांत पुढे केवळ ० किंवा १ होऊ शकणारा ‘अर्धा’ अंक. आपल्या वीजपुरवठ्यावर तो साडेसहा अंकांची ५, साडेपाच अंकांची ५० आणि साडेचार अंकांची १,००० वाचने सेकंदाला घेतो. शेवटच्या प्रकारात तो विजेच्या एका आवर्तनाचा केवळ पन्नासावा भागच पाहतो.

श्रुतलेखनाचा नियम

मोजणे वेगवान झाले आणि मंद कडी पुन्हा सरकली. सेकंदाला पन्नास आकडे कोण लिहून घेणार? ते संगणकाकडेच जायला हवेत. सुरुवातीच्या अंकीय मीटरांत प्रत्येक अंकासाठी चार तारा मागे काढलेल्या असत. पाच अंकांना वीस तारा, शिवाय चिन्हासाठी आणि पल्ल्यासाठी निराळ्या. जोडणी प्रत्येक उपकरणाची वेगळी. एक मीटर बदलला की सगळी जुळणी नव्याने करावी लागे.

हेवलेट-पॅकार्डच्या अभियंत्यांनी सर्व उपकरणांसाठी एकच सामायिक मार्ग आखला. अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या संस्थेने तो १९७५ मध्ये ‘आयईईई ४८८’ या क्रमांकाचे मानक म्हणून स्वीकारला. आठ तारांवरून एका वेळी एक अक्षर, म्हणजे एक बाइट जाते. पाच तारा व्यवस्थेसाठी आणि तीन तारा देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या संमतीसाठी असतात. एका मार्गावर जास्तीत जास्त १५ उपकरणे जोडता येतात, तारेची एकूण लांबी २० मीटरपर्यंत चालते आणि वेगाची कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे दहा लाख बाइट आहे.

त्या तीन तारांचे काम वर्गातील श्रुतलेखनासारखे चालते. बाई एक शब्द सांगतात. सर्व मुलांनी लिहून पेन्सिल वर केल्याखेरीज पुढचा शब्द सांगत नाहीत. एका जरी मुलाचे लिहायचे राहिले असेल, तरी सगळा वर्ग थांबतो. तसेच इथे. ‘मी तयार नाही’ ही तार सर्व ऐकणाऱ्या उपकरणांना सामायिक असते. एकानेही ती धरून ठेवली, तर बोलणारा पुढे जात नाही. म्हणून एकही अक्षर हरवत नाही, पण वेग ठरतो तो सर्वांत सावकाश लिहिणाऱ्याचा.

या मर्यादेचा कस लागला तो १९८९ च्या ३४५८ए या साडेआठ अंकी मीटरच्या वेळी. साडेचार अंकांवर समाधान मानले तर हा मीटर सेकंदाला एक लाख वाचने घेतो. प्रत्येक वाचन वाचता येईल अशा अक्षरांत पाठवायचे, तर चिन्ह, दशांशचिन्ह व घातांक धरून सुमारे १६ बाइट लागतात. एक लाख गुणिले १६ म्हणजे सेकंदाला १६ लाख बाइट, अर्थात मार्गाच्या क्षमतेपेक्षा जास्त. तेच वाचन द्विमान पद्धतीने २ बाइटांत पाठवले, की २ लाख बाइट पुरतात. मार्ग तोच राहिला, भाषा आटोपशीर केली आणि काम झाले.

दुरुस्त मीटरची दुहेरी परीक्षा

कारखाने आणि संशोधनसंस्था नवी उपकरणे घेतात, तेव्हा असे जुने मीटर स्वस्तात बाजारात येतात. त्यांची दुरुस्ती बहुधा साधी असते. धारेच्या खुंटीमागील फ्यूज उडालेला असतो, वीजपुरवठा विभागातील इलेक्ट्रोलिटिक धारित्र सुकलेले असतात किंवा पल्ला बदलणाऱ्या रिलेच्या संपर्कांवर थर चढलेला असतो. (पेटीच्या आत २३० व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही धारित्र भारित राहतात. हे काम जाणकाराचेच. विद्यार्थ्यांनी पेटी उघडू नये.)

एक दोष मात्र फसवा आहे. ३४७८ए मध्ये कॅलिब्रेशनचे, म्हणजे प्रमाणाशी ताडून ठरवलेल्या दुरुस्तीचे आकडे एका छोट्या स्मृतीत असतात आणि ती स्मृती लिथियमच्या एका सेलवर जिवंत राहते. सेल संपला की ते आकडे पुसले जातात. मीटर सुरू होतो, पडद्यावर अंक येतात, पण ते कच्चे असतात. ही स्मृती २५६ कप्प्यांची, प्रत्येकी ४ बिटांची. सगळे मिळून १२८ बाइट. या लेखातील एका परिच्छेदालाही त्याहून जास्त जागा लागते. परंतु एका प्रयोगशाळेने काळजीपूर्वक केलेले सगळे काम त्यात साठलेले असते. ते गेले तर मीटर पुन्हा प्रमाणांकडे न्यावा लागतो, आणि भारतात त्या प्रमाणांची साखळी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. हौशी दुरुस्तीकारांनी यावर एक उपाय शोधला. सेल बदलण्यापूर्वी हे १२८ बाइट त्याच आयईईई ४८८ मार्गाने संगणकावर उतरवून घ्यायचे. आकडे वाहून नेण्यासाठी केलेली वाट इथे मीटरची स्मरणशक्ती वाचवते.

आता वेगाची परीक्षा. मीटर सुरू करून संगणकावर हजार वाचने घेतली आणि लागलेल्या सेकंदांनी भागले, तर एक आकडा मिळतो. पण मंद कडी कोणती, ते कळत नाही. म्हणून मोजणे आणि पोहोचवणे वेगळे करून तपासावे. ३४४०१ए मध्ये ५१२ वाचने साठवण्याची सोय आहे. साडेचार अंकांवर ठेवून आधी ती सर्व मीटरच्याच स्मृतीत भरावीत. सेकंदाला १,००० या हिशेबाने अर्धा सेकंद पुरतो. मग साठा संगणकाकडे मागवावा आणि त्याची वेळ स्वतंत्र मोजावी.

समजा, जोडणी आरएस-२३२ या क्रमिक तारेने आहे आणि वेग आहे सेकंदाला ९,६०० बिट. एका अक्षरामागे प्रारंभ-बिट, सम-विषम तपासणीचा बिट व दोन अंत-बिट धरून ११ बिट जातात. म्हणजे सेकंदाला सुमारे ८७३ अक्षरे. एका वाचनाची १५ अक्षरे आणि एक स्वल्पविराम मिळून १६. भागाकार येतो सुमारे ५५. म्हणजे ५१२ वाचने यायला सव्वानऊ सेकंदांहून अधिक वेळ लागणार. जी वाचने घ्यायला अर्धा सेकंद लागला, ती पोहोचायला त्याच्या अठरापट वेळ!

प्रत्यक्ष वेळ या हिशेबाजवळ आली, तर मीटर आणि तार दोन्ही ठीक आहेत. पुष्कळ जास्त आली, तर संगणकाचा कार्यक्रम प्रत्येक वाचनामागे थांबतो आहे का ते पाहावे. मोजण्याचीच वेळ दुप्पट झाली असेल, तर स्वयंशून्य ही सोय सुरू आहे का ते तपासावे. त्या सोयीत मीटर प्रत्येक वाचनानंतर स्वतःचे शून्य मोजून ते वजा करतो आणि त्यासाठी तितकाच वेळ घेतो. ती बंद केली की वेग वाढतो, पण तापमान बदलले की शून्य हळूहळू सरकते. वेगाची किंमत इथेही चुकवावीच लागते. शेवटी ५१२ पैकी ५१२ वाचने आली का, हेही मोजावे. वेगाने आलेली ५११ वाचने नापासच समजावीत.

पुढे यूएसबी आणि इथरनेटच्या तारा आल्या. २००४ मध्ये मापन-उपकरणांसाठी इथरनेटवर आधारलेल्या ‘एलएक्सआय’ या मानकाचे काम सुरू झाले. तारेची मर्यादा फार पुढे सरकली, पण वीस मिलिसेकंद तेच राहिले. कारण ते तारेचे नाहीत, आपल्या घरातील विजेचे आहेत.

हा हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना मीटरशिवायही करता येईल. त्यांना एवढेच विचारावे: सेकंदाला १,००० वाचने घेणारा मीटर आणि सेकंदाला ५५ वाचने नेणारी तार जोडली, तर संगणकाला सेकंदाला किती वाचने मिळतील? उत्तर सांगण्याची घाई करू नये. त्याच वर्गात श्रुतलेखन घेऊन, सर्वांत शेवटी पेन्सिल वर करणाऱ्या मुलाकडे पाहिले, की उत्तर मुलेच सांगतील.